टॉर्च मायनसला

चार वाजता आई त्या कठड्याला धरून चढणार आहेत. कठड्याचे दोन खांब आत्ता रस्त्याच्या कडेला आडवे पडलेत.

सकाळचे साडेआठ.

*

आई म्हणजे माझ्या सासूबाई. खुब्याचा सांधा नवा बसवला त्याला पाच आठवडे झाले. रोज चारला फिजिओबाईंकडे जायचं. रस्त्यापासून त्यांच्या दारापर्यंत सिमेंटचा उतार, उताराच्या कडेला लोखंडी चॅनेल, चॅनेलवर कठडा. आई सगळा भार कठड्यावर टाकतात. पायावर टाकायला अजून भितात. काल संध्याकाळी कुणाची तरी सामानाची गाडी मागे येताना आदळली आणि खालचे दोन खांब गेले.

फिजिओबाई फोनवर: "कठडा नाही तर उतार बंद. उद्या-परवा मी नाही. तीन दिवस पाय हलला नाही तर सांधा आखडणार, मग माझ्या नावानं ओरडायचं नाही. तुमच्या घरात मिस्त्री आहेत ना?"

आहेत. घरातच आहेत.

"मी करते," मी म्हटलं.

"तुम्ही?"

"चारच्या आत."

फोन ठेवल्यावर माझाच मला राग आला. चारच्या आत. कुणी विचारलं होतं?

*

वेल्डिंगचं मशीन गाळ्यात बाकावर. सुटकेसएवढं, निळं, एका बाजूनं पोचा आलेलं. परवा आणलं, गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या एकाकडून. वापरलेलं.

"चालतं का?"

"ताई, चालत नसतं तर विकलं असतं का?"

अजून विचार करतेय. चालत होतं तर विकलं कशाला?

*

पंखा.

जाळीत फुंकर मारली, धूळ आली, धुळीबरोबर एक वाळलेलं झुरळ आलं. प्लग लावला. आधी घरघर, मग सुरळीत. जळका वास नाही. प्लग काढला.

रीळ.

आतली जुनी वायर गंजलेली. कापून फेकली. नवं रीळ चढवलं, बिनगॅसच्या वायरचं. ही वायर भरीव नसते, बारीक नळीच असते आणि पोटात भुकटी भरलेली. जळताना त्या भुकटीचा धूर होतो, तो वितळलेल्या लोखंडाला हवेपासून झाकतो. म्हणून सिलिंडर नको. उतारावर वारा असतो, वाऱ्यात गॅस उडून जातो. शिवाय सिलिंडर आहे कुठे.

(सिलिंडर कुठे आहे ते सांगते. थांबा.)

रोलर.

वायर पुढे ढकलणारा. जुना गुळगुळीत खाचेचा. काढला. दातेरी बसवला, वायरबरोबरच आणलेला. दाब जपून. फार आवळलं तर नळी चेपते. टॉर्चचं, म्हणजे वायर बाहेर सोडणाऱ्या हँडलचं, तोंड लाकडाच्या ठोकळ्याकडे धरून ट्रिगर दाबला, वायर ठोकळ्याला लागून वेटोळं घालत पुढे येत राहिली. अडली नाही. बरं.

टिप.

वायर बाहेर येते ते टोकाचं भोक लांबट झालेलं. बदलली.

चिमटा.

अर्थिंगच्या चिमट्याची स्प्रिंग म्हाताऱ्या दातांसारखी. बदलायला दुसरी नाही. पक्कडीनं वाकवून आवळली. चालेल. चालायलाच हवं.

बोल्ट.

बाजूच्या दाराच्या आत दोन पितळी बोल्ट. एकाजवळ अधिकची खूण, एकाजवळ वजाची, दोन्ही पुसट. गॅसवर काम असेल तर टॉर्चची केबल प्लसला. या वायरला उलटं, टॉर्च मायनसला आणि चिमटा प्लसला. रिळाच्या खोक्यावर चित्र आहे. केबली दोन्ही काळ्या, दोन्ही सारख्या जाड. तेराचा पाना घेतला, नट सोडले, अदलाबदल केली, आवळले.

खडू हातात घेतला. आत एक बाण काढावा, आता टॉर्च कुठे आहे त्याचा.

खडू परत ठेवला.

*

या गाळ्यात खुणा करत नाहीत. हा मिस्त्रींचा कायदा. मिस्त्री म्हणजे माझे सासरे. सगळे त्यांना मिस्त्री म्हणतात, आईसुद्धा रागावल्या की म्हणतात. मी बाबा म्हणते. म्हणत होते.

सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काम केलं. पहिल्याच आठवड्यात एका पाइपवर खडूनं आकडा लिहिला होता. त्यांनी ओल्या फडक्यानं पुसला आणि म्हणाले, "लक्षात ठेवायचं. लिहिलं की माणूस लिहिलेल्यावर टेकतो." मग मी ठेवत गेले लक्षात. माप, कोन, कुठली केबल कुठे, सगळं.

मग त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता वेल्डिंगच्या उजेडाकडे बघायचं नाही, काचेतूनही नाही. ते घरी आले आणि तिसऱ्या दिवशी मोठं मशीन सिलिंडरसकट विकून टाकलं. मला न विचारता. मी बाजारातून आले तर गाळ्यात जमिनीवर चार पायांचे चार डाग.

"मी आहे ना करायला," मी म्हटलं.

"मी नसताना कोण बघणार तुझं काम?"

त्यावर मी जे बोलले ते इथं लिहीत नाही.

तेव्हापासून अबोला. आज बेचाळिसावा दिवस. घरात सगळं आईंमार्फत चालतं. "म्हणावं, पंखा बंद करा." "म्हणावं, मला उकडतंय." तिघंही एकाच खोलीत असतो. नवरा जहाजावर, चार महिन्यांनी येईल. फोनवर विचारतो, सगळे बरे? मी म्हणते, बरे.

हे छोटं मशीन मी आणलं. त्यांना न विचारता. फिट्टंफाट.

*

पावणेअकरा. भंगारातल्या दोन पट्ट्या. ग्राइंडरनं रंग खरवडला, चिमटा लावला, हेल्मेट तोंडावर पाडलं.

ट्रिगर.

आवाज! तापलेल्या तव्यावर पाण्याचा हात मारत राहावं तसा, एकसारखा. धूर भरपूर, ठिणग्याही, पण वितळलेलं लोखंड पट्टीत उतरताना दिसत होतं. थांबले. हातोडीनं वरची काळी खपली उडवली. खाली सरळ, बारीक लाटांची शिवण.

पट्टी पकडीत धरून घणानं वाकवली. पट्टी वाकली. जोड नाही सुटला.

मी गाळ्यात एकटीच हसले. मग वर बघितलं, घराच्या खिडकीत कुणी होतं का? पडदा हलत होता. वारा असेल.

*

साडेबारा. दोन बेस प्लेटा कापून आणायच्या होत्या. कारण खांब निघाले ते वेल्डवर निघालेच नाहीत, चॅनेलचा पत्राच घेऊन निघाले. तो कठडा मिस्त्रींनी केला होता, मी या घरात यायच्या आधी. गाडी आदळली, लोखंड फाटलं, त्यांचा जोड तसाच. त्या फाटलेल्या जागेवर मला प्लेट घालून माझा जोड द्यायचा.

नाही, यावर विचार करायचा नाही. प्लेटा.

लोखंडवाल्याकडे रांग. त्याचा कटर बंद. मग चालू. मग चहावाला आला म्हणून परत बंद.

पावणेदोन. गाळ्यात आले. बाकावर चहाचा ग्लास, तळाशी दोन थेंब. तेराचा पाना भिंतीवर त्याच्या खिळ्याला. मी कधी टांगला? टांगला असेन. मशीन, रिळाचं खोकं, एक्स्टेन्शन, ग्राइंडर, हातोडी, घण, पाना, हेल्मेट, सगळं हातगाडीवर टाकलं आणि पळाले.

*

दोन वीस. उतार.

फिजिओबाई दारात. बारीक, तरतरीत, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला, देव जाणे.

"आग लागणार नाही ना?"

"नाही."

"लागली तर?"

"शिट्टी वाजवा."

प्लेट बसवली, लाकडी पाचर देऊन खांब उभा केला, गुण्यानं काटकोन बघितला. हेल्मेट. ट्रिगर.

फट्. फट् फट् टक्. फटाफट.

थांबले. परत. फट् टक् फट्. वायर लोखंडावर आपटून मागे येत होती. जोडाच्या जागी गोळ्या गोळ्या, शेळीच्या लेंड्यांसारख्या, वरच्या वर बसलेल्या.

सकाळी तर

*

वारा? पुठ्ठा आडवा लावला. फट् फट्.

एक्स्टेन्शन? गुंडाळलेली लांबलचक केबल, करंट कमी पडत असेल. सगळी उलगडली, उतारभर पसरली. फिजिओबाईंनी शिट्टी वाजवली. "कोणीतरी अडखळेल!" बाजूला सरकवली. फट् फट्.

चिमटा? रंगावर लागलाय का? खरवडलं, लखलखीत केलं, परत लावला. फट्.

वायर सरकतेय? रोलरचा दाब वाढवला. एक आटा. अजून अर्धा. ट्रिगर. आत कर्रर्र, आणि टॉर्चमधून काहीच नाही. दार उघडलं तर रोलरपाशी वायरचा गुंता, विंचरायला बसलेल्या पोरीच्या डोक्यासारखा. चेपली होती नळी. माहीत होतं मला, मीच तर सकाळी... कापला गुंता. दाब सैल केला. वायर परत ओवली. पुढे सरकवताना बोटातून रक्त आलं.

दारातून तेवढा रोलर बघितला. त्याच्याखाली दोन बोल्ट होते. ते कशाला बघू? ते तर मी स्वतः केलं होतं.

तीन दहा.

*

करंट वाढवला. वायरचा वेग कमी केला. आता गोळ्या थोड्या पसरल्या. वेडंवाकडं, पण चारी बाजूंनी भरलं गेलं. ग्राइंडर फिरवला. गुळगुळीत झालं. वरून रंगाचा एक हात मारला असता तर कुणाला

फिजिओबाई वाकून म्हणाल्या, "अरे वा, झालं की."

खांब हलवला. हलला नाही. हातानं.

तीन पंचवीस. दुसरा खांब, मग रंग, मग चार. आई येणार, उजवा हात ठेवणार, सगळं अंग त्या हातावर टाकणार. रोज टाकतात. बघत पण नाहीत. कठडा आहे म्हणजे आहे.

घण उचलला.

"आता काय करताय?" फिजिओबाई.

एक घाव. खांब प्लेटीवरून सुटून उतारावरून घरंगळत गेला. खाली रस्त्यावर एका चपलेपाशी थांबला.

चप्पल मिस्त्रींची. शेजारी वॉकर. वॉकरमध्ये आई.

*

"लवकर आलात," मी आईंना म्हटलं.

"यांनी आणलं लवकर. मघापासून कोपऱ्यावर उभे आहोत. म्हणे आवाज ऐकायचाय."

मिस्त्री माझ्याकडे पाठ करून उभे होते, तोंड रस्त्याकडे. खांब उचलून हातात घेतलेला, अंगठ्यानं त्याचं टोक चाचपत होते. जिथं जोड सुटला होता तिथं लोखंड कोरं होतं. काही धरलंच नव्हतं.

"अगं, म्हणावं," ते आईंना म्हणाले, "करंट आत उतरत नाही. वरच्या वर जळतोय."

"म्हणावं, कळतंय मला."

"म्हणावं, वायर खराब निघाली."

"म्हणावं, सकाळी याच वायरनं पट्टी वाकली पण जोड सुटला नाही."

आई एकदा इकडे, एकदा तिकडे. "मी वॉकर धरू का तुमचे निरोप धरू?"

"म्हणावं, सकाळी चुकून जमलं असेल," मिस्त्री म्हणाले. "केबली उलट्या लावल्यावर जमणारच नाही. ते मी सरळ केलं नसतं तर आत्ता एवढंही..."

ते थांबले.

मी मशीनकडे बघितलं.

आई म्हणाल्या, "अहो, काय केलं तुम्ही?"

*

प्लग काढला. दार उघडलं. गुडघे टेकून आत डोकं घातलं. टॉर्चची केबल प्लसवर. नट इतका आवळलेला की मशीन हलेल पण नट नाही. असा नट या जगात एकच माणूस आवळतो. चहाचा ग्लास. खिळ्यावरचा पाना. पडदा.

"बाबा," मी म्हटलं. बेचाळीस दिवसांनी. "तुम्ही हात लावला याला?"

त्यांची पाठ तशीच. "उलटं होतं. टॉर्च मायनसला लावली होतीस. बत्तीस वर्षं मी टॉर्च प्लसला लावतोय. म्हटलं पोरगी घाईत चुकली. चारचौघांत फजिती नको व्हायला."

"मग सांगायचं ना!"

"कुणाला सांगणार? तू बोलत होतीस?"

"तुम्ही बोलत होतात?"

फिजिओबाईंनी शिट्टी वाजवली. खरंच वाजवली. "तीन चाळीस!"

मी रिळाचं खोकं त्यांच्या छातीवर धरलं. "गॅसवाल्या वायरला प्लस. या वायरला मायनस. हे बघा चित्र."

त्यांनी खोकं घेतलं. डोळ्यांपासून लांब धरलं, मग जवळ, मग अजून जवळ, नाकाला लागेपर्यंत. उन्हाकडे वळवलं. चित्र नखाएवढं. मी बघत होते आणि मला कळत होतं की त्यांना ते दिसत नाहीये. दुपारी त्या पुसट खुणाही त्यांनी बोटानंच वाचल्या असणार.

"असेल," ते म्हणाले. खोकं मला परत दिलं. "मी ही वायर कधी जाळली नाही."

एवढंच. या माणसाच्या तोंडून मला हे वाक्य सहा वर्षांत ऐकायला मिळालं नव्हतं, आणि आत्ता माझ्याकडे त्याच्यासाठी वेळ नव्हता.

*

पाना. नट हलेना. दोन्ही हातांनी. हलेना.

"सरक," बाबा म्हणाले. बसले, एक हिसका. सुटला. "इथं कुठली?"

"ती इकडे. नाही, ती दुसरी. हां."

"आवळू?"

"आवळा. माणसासारखं."

आईंचा वॉकर खुळखुळला. हसत होत्या.

*

"तिकडे तोंड करा," मी म्हटलं. "आई, तुम्ही पण."

बाबा वळले. उताराच्या कडेला, पाठ माझ्याकडे, हात मागे बांधून. लहानपणी वर्गाबाहेर उभं केल्यासारखे.

ट्रिगर.

तवा. पाण्याचा हात. एकसारखं, न तुटता. लोखंड आत उतरताना दिसत होतं, प्लेटीत, खांबात, दोन्हीत.

"हळू ओढ," पाठ म्हणाली.

ओढला.

"आता हात थरथरला."

थरथरला होता.

"कोपऱ्यावर जरा थांब... बास. पुढे."

एक बाजू. दुसरी. तिसरी. हेल्मेटच्या आत घाम नाकावरून ओठावर. ते बघत नव्हते आणि त्यांना सगळं दिसत होतं. मला कुठेतरी हेही आठवत होतं, मी नसताना कोण बघणार तुझं काम. दुसरा खांब. तीन बाजू. वायर संपत आली का? नाही. चौथी.

थांबले. हातोडी. खपली उडाली.

चार सात.

*

"मार," बाबा म्हणाले.

घण मारला. खांब कण्हला. प्लेट नाही हलली. अजून एक. दुसऱ्या खांबालाही.

वरचा आडवा पाइप बसवला, टाके मारले, मग पूर्ण भरला. हे ऐकताना त्यांनी एकदाच मान हलवली. मग आले, ओलं फडकं वरच्या पाइपवर फिरवलं, वाफ उठली, आणि दोन्ही हात टेकून पाय जमिनीवरून उचलले. सबंध माणूस कठड्याला लोंबकळला. साठीच्या पुढचा, चपला सुटलेल्या. फिजिओबाईंनी शिट्टी तोंडात धरली, वाजवली नाही.

ते उतरले. तिथंच, गुडघ्यावर, मशीनचं दार अजून उघडं होतं तिकडे बघत म्हणाले, "खडू आहे का तुझ्याकडे?"

"कशाला?"

"आत खूण कर. टॉर्च कुठे ते."

"या गाळ्यात खुणा करत नाहीत."

"आपण गाळ्यात नाही आहोत."

खिशात खडूचा तुकडा होता. सकाळपासून. मी आत बाण काढला.

त्यांनी डोकं घातलं. बराच वेळ.

"दिसत नाही," ते म्हणाले. "मोठी कर."

मी पुसून मोठी केली.

"अजून."

मग दाराच्या बाहेरच्या बाजूला, निळ्या पत्र्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक आडवी रेघ ओढली. मायनस. रस्त्यापलीकडून दिसेल एवढी.

"आता?"

"आता वाकडी आहे."

"सरळच आहे!"

"मला वाकडी दिसते."

"तुम्हाला बत्तीस वर्षं..."

"अहो," आई म्हणाल्या, "तुमचं दोघांचं चालू द्या." त्यांनी वॉकर सोडला. उजवा हात कठड्यावर ठेवला आणि सगळं अंग त्या हातावर टाकलं. एक पाऊल. दुसरं. खालच्या खांबापाशी जरा थांबल्या. "इथं गरम लागतंय."

"चालत राहा," आम्ही दोघंही एकदम म्हणालो.

त्या चढल्या. फिजिओबाई दारात हात पुढे करून उभ्या होत्या. बाबा आईंच्या पायांकडे बघत नव्हते. मान कलती करून ऐकत होते, लोखंडाकडे कान लावून, थंड होताना ते टिक् टिक् करतं ते.

मग हळूच, मला एकटीलाच ऐकू येईल असं:

"वरच्या टाक्यात, डावीकडे, घाई केलीस."

केली होती. मी परत प्लग लावला.